माधुकरी : देणाऱ्याची नीती आणि घेणाऱ्याची नीती

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीचा सप्ताह बसला की मंदिरात आणि घराघरांत गुरुचरित्राची पोथी उघडते. सोवळे, नैवेद्य, रोजचे ठरलेले अध्याय, मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी जन्मकाळ, सुंठवडा आणि मग महाप्रसाद. हे सगळे आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत. पण पोथी परत वस्त्रात बांधून ठेवल्यावर तिच्यातले काय आपल्या रोजच्या वागण्यात उतरते, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. यंदाच्या अंकासाठी 'समाजात नीती कशी टिकते' या विषयावर लिहा, असे सांगण्यात आले. विषय फार मोठा. मोठ्या विषयाला हात घालताना एखादी लहान, ओळखीची वस्तू हातात असलेली बरी, असा माझा शाळेतला छत्तीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणून मी गाभाऱ्याबाहेरच्या तसबिरीकडे पाहिले.

तसबीर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तीन शिरे, सहा हात, मागे गाय, पायाशी चार श्वान. शंख-चक्र विष्णूचे, त्रिशूळ-डमरू शंकराचे, माळ आणि कमंडलू ब्रह्मदेवाचे. इथवर मुलेसुद्धा सांगतात. पण काखेला जी झोळी आहे ती कोणाची? ती या तिन्ही देवांपैकी कोणाचीच खूण नव्हे. ती भिक्षा मागणाऱ्याची. आपले दैवत सकाळी काशीला स्नान करते, दुपारी कोल्हापुरात भिक्षा मागते आणि रात्री माहूरला निद्रा करते, असे परंपरा सांगते. त्रैलोक्याचा धनी रोज दुपारी कोणाच्या तरी दारात उभा राहतो, असे आपण मानतो. मग मागणारा माणूस आणि देणारा माणूस यांच्यामध्ये काय घडावे, हा प्रश्न दत्तभक्ताला टाळता येत नाही. माझ्या मते समाजातल्या पुष्कळशा नीतीचे मूळ याच एका जागी आहे. आज त्यावरच चार शब्द लिहितो.

चार शब्द आणि त्यांतला फरक

मूल्य, रूढी, नीती आणि कायदा हे चार शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांत फरक आहे, आणि तो माधुकरीच्या उदाहरणाने चटकन कळतो.

दारात आलेला माणूस उपाशी जाऊ नये आणि मागावे लागले म्हणून त्याची मान खाली जाऊ नये, हे मूल्य. म्हणजे जे जपायचे ते. दुपारी नैवेद्य झाला की माधुकरीचे अन्न बाजूला काढायचे, मागणाऱ्याने पाच घरी जायचे, एका घरी फार वेळ थांबायचे नाही, ही रूढी. म्हणजे जपण्याची ठरून गेलेली रीत. आज, या क्षणी, दारात उभ्या असलेल्या या माणसाशी योग्य वागणे कोणते, हे ठरवणारा विवेक म्हणजे नीती. आणि न पाळल्यास शिक्षा होते तो कायदा.

रूढी सोयीची असते. रोज नव्याने विचार करावा लागत नाही. घरात आजीने घालून दिलेली रीत सून चालवते, नात चालवते. पण रूढीचा एक धोकाही आहे. आतले मूल्य कधी निघून गेले ते तिला स्वतःला कळत नाही. फळ किडलेले असले तरी साल तशीच तकतकीत राहते. अशा वेळी नीतीला पुढे व्हावे लागते. गुरुचरित्रात नेमके हेच कसे घडते ते पाहू.

पोथीतल्या चार भिक्षा

पहिली कथा चौथ्या अध्यायातली. अत्रिऋषी आश्रमात नव्हते आणि तिन्ही देव अतिथी होऊन अनसूयेच्या दारी आले. भिक्षा मागताना त्यांनी मर्यादा सोडून अट घातली. आता इथे दोन नियम एकमेकांवर आले. अतिथीला विन्मुख पाठवू नये हा एक आणि स्त्रीने आपली मर्यादा सांभाळावी हा दुसरा. अनसूयेने अतिथीला हाकलले नाही, आणि स्वतःचे सत्त्वही सोडले नाही. तिच्या पातिव्रत्याच्या तेजापुढे मागणारेच तान्ही बाळे झाले आणि तिने त्यांना आईच्या मायेने दूध पाजले. चमत्कार म्हणून ही कथा आपण ऐकतोच. पण तिच्यात एक व्यवहारही सांगितला आहे. मागणाऱ्याची अट चुकीची असू शकते. त्या अटीला मान न तुकवताही त्याची भूक भागवता येते. दत्तप्रभूंचा जन्मच मुळी या भिक्षेतून झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी कथा पाचव्या अध्यायातली, पीठापूरची. आपळराजाच्या घरी अमावास्येचे श्राद्ध होते. ब्राह्मण अजून जेवायचे होते. त्याआधी श्राद्धाचे अन्न कोणाला द्यायचे नाही अशी रूढी. इतक्यात श्रीदत्त अतिथीच्या रूपात दारी आले. सुमतीने क्षणभरही न अडखळता भिक्षा घातली. त्या भिक्षेने देव प्रसन्न झाले आणि श्रीपाद श्रीवल्लभ तिच्या पोटी आले. बघा, ज्या पोथीत आचाराचे इतके बारीक नियम सांगितले आहेत, त्याच पोथीत पहिला अवतार नियम बाजूला सारणाऱ्या माउलीच्या पोटी येतो! आपले एकनाथमहाराज जनार्दनस्वामींचे शिष्य, म्हणजे दत्तपरंपरेतलेच. त्यांनीही श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या अस्पृश्य मंडळींना वाढल्याची कथा पैठणला सांगतात. सुमती काय किंवा नाथ काय, दोघांनी रूढी मोडली ती आपल्या लहरीसाठी मोडली नाही. ज्या मूल्यासाठी ती रूढी होती, ते मूल्य समोर भुकेल्या रूपात उभे होते.

तिसरी कथा अठराव्या अध्यायातली. कृष्णा-पंचगंगा संगमाजवळ अमरापुरात एक गरीब ब्राह्मण कोरान्नाची भिक्षा मागून कुटुंब चालवी. ज्या दिवशी काही मिळत नसे त्या दिवशी अंगणातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगांवर घर जगे. श्रीनृसिंहसरस्वती त्याच्याकडे भिक्षेला आले. घरात होती ती घेवड्याची भाजीच त्याने भक्तीने वाढली. जाताना महाराजांनी तो वेलच मुळापासून तोडून टाकला. घरची बाई रडू लागली. ब्राह्मणाने तिला समजावले, वेलाचे मूळ खणायला घेतले, तर खाली द्रव्याने भरलेला कुंभ. या कथेतून मी एक अर्थ घेतो. गरजवंताला रोज चार शेंगा मिळत राहाव्यात, एवढ्यावर खरे देणे थांबत नाही. तो पुन्हा मागायला लागू नये, इथपर्यंत ते जाते. तो वेल दिसायला आधार होता, पण घर त्याच्या पलीकडे जात नव्हते.

चौथी कथा अडतिसाव्या अध्यायातली, भास्कर ब्राह्मणाची. गाणगापुरात श्रीगुरूंना भिक्षा करण्यासाठी हा दरिद्री भक्त तिघांपुरता शिधा गाठोड्यात बांधून आला. मठात रोज कोणी ना कोणी श्रीमंत भक्त समाराधना करी, त्यामुळे याची पाळी येईना. दिवसामागून दिवस गेले. लोक त्याची थट्टा करू लागले, की तुझ्या एवढ्याशा शिध्याने कोणाकोणाचे पोट भरणार? श्रीगुरूंच्या कानावर ते गेले. त्यांनी त्यालाच स्वयंपाक करायला सांगितले आणि त्या तिघांच्या शिध्यात चार हजार माणसे जेवली, असे पोथी सांगते. अन्न वाढले हा चमत्कार झालाच. पण त्याआधी महाराजांनी काय केले ते पाहा. ज्याची थट्टा होत होती त्याला मंडळींमध्ये यजमान म्हणून उभे केले.

चारही कथांत अन्न आहे, मागणे आहे, देणे आहे. रीत मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी. कुठे दोन नियमांतून वाट काढली, कुठे नियम बाजूला ठेवला, कुठे वेलच तोडला, कुठे थट्टा करणाऱ्यांसमोर लहान माणसाला मोठे केले. रीत बदलली तरी जपलेली गोष्ट एकच राहिली : घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा, दोघांचाही मान.

मधमाशीची शिकवण

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. याच स्कंधावर नाथांनी आपले भागवत लिहिले. त्या चोविसांत मधमाशी आहे. भुंगा जसा प्रत्येक फुलातून थोडा थोडा रस घेतो, फुलाला इजा होऊ देत नाही, तसे यतीने घरोघर थोडे थोडे घ्यावे, एकाच घरावर भार टाकू नये. 'माधुकरी' हा शब्द इथलाच. आणि साठवणारी मधमाशी उलट धडा देते. पोळ्यात मध भरून ठेवला की मध काढणारा येतो आणि मधाबरोबर तिचाही नाश होतो.

पूर्वी पुण्यासारख्या गावात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरे मिळून एक मुलगा शिकवत. तत्त्व मधमाशीचेच : एकावर भार नाही आणि मुलगा उपाशी नाही. पण खरे ते बोलले पाहिजे. ही रीत जातीच्या चौकटीत अडकलेली होती. पंक्तीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला अंगणातच ठेवायचे, हे अन्न वाढण्याच्या आधीच ठरलेले असे. काही घरांत वाराच्या मुलाला मायेने वाढत, तर काही घरांत टोमण्यांबरोबर. म्हणजे मूल्य चांगले, पण रूढीचा परीघ तोकडा.

मग तो परीघ मोठा करणारी माणसे आली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एकत्र ठेवली, एका पंक्तीत जेवू घातली. मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिले. शिवाय तिथली मुले स्वतः श्रम करून शिकत, त्यामुळे कोणाच्या उपकाराचे ओझे डोक्यावर नव्हते. वार लावण्याची रूढी हळूहळू गेली. 'शिकणारा उपाशी राहू नये' हे मूल्य मात्र गेले नाही. ते नव्या घरात राहायला गेले आणि तिथे जास्त मोकळे झाले. जुने काही गेले की आपण वडीलधारी मंडळी हळहळतो, 'आता पूर्वीचं काही राहिलं नाही हो' असे म्हणतो. तेव्हा आधी तपासावे, की गेली ती रीत की गेले ते मूल्य. रीत गेली असेल तर फार वाईट वाटून घेऊ नये.

मागणाऱ्यालाही नीती आहे

देणाऱ्याने कसे द्यावे यावर सगळे बोलतात. मागणाऱ्याने कसे मागावे यावर फारसे कोणी बोलत नाही. दत्तसंप्रदायात मात्र तोही विचार आहे. गुरुचरित्रात परान्नाची कथा येते. परक्याच्या घरी न जेवण्याचा एका ब्राह्मणाचा नेम होता आणि बायकोला मात्र मेजवानीची हौस. त्या निमित्ताने श्रीगुरू कोठे जेवावे आणि कोठे जेवू नये हे सांगतात. मला त्यातून एवढे कळले, की गरज असेल तर मागण्यात कमीपणा नाही; जिभेसाठी किंवा फुकट मिळते म्हणून घेण्यात आहे.

गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) उदाहरण याच वाटेवरचे. गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, गाव झाडायचे आणि मगच भाकरी घ्यायचे. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही. धर्मशाळा बांधल्या, सदावर्ते चालवली. माणूस फाटक्या कपड्यांत होता, हातात मडक्याचे खापर होते, पण त्यांच्यापुढे कोणाला 'भिकारी' शब्द सुचला नाही.

गाणगापुरात तर प्रत्येक भक्ताकडून दोन्ही कामे करून घेतात. तिथे माधुकरी द्यायची असते आणि मागायचीही असते. निवृत्त झाल्यानंतर एकदा मी तिथे आठ दिवस राहिलो होतो. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून आलो आणि दुपारी झोळी घेऊन उभा राहिलो. पाच ठिकाणी मागायचे. पहिल्या ठिकाणी घशातून शब्द निघेना. माझ्या हातात घड्याळ होते, अंगावर चांगले धोतर होते, महिन्याला निवृत्तिवेतन मिळत होते. पुढच्या बाईने यातले काही पाहिले नाही. तिने झोळीत भाकरी आणि आमटी-भात घातला आणि वाकून नमस्कार केला. तो नमस्कार मला नव्हता. दुपारी महाराज कोणत्याही रूपात भिक्षेला येतात, ही तिथली श्रद्धा. समोर कोण आहे हे सांगता येत नाही, म्हणून प्रत्येकाला वाकायचे. माझ्यानंतर रांगेत एक महारोगी होता. त्यालाही तिने तसाच नमस्कार केला, तितकेच अन्न घातले.

त्या रीतीमागचा विचार मला फार खोल वाटला. माणसाच्या लायकीची चौकशी करून मान द्यायचा ठरवला तर मान द्यायला कोणी उरणारच नाही. प्रत्येकात काही ना काही खोट सापडेल. म्हणून परंपरेने चौकशीचा प्रश्नच काढून टाकला आणि श्रद्धेच्या रूपाने एक शिस्त लावली : आधी वाक, मग वाढ.

कायद्याचा हात कुठवर पोहोचतो

इथे कोणी म्हणेल, आजच्या काळात हे कसे चालायचे? भीक मागण्याचे धंदे झाले आहेत, लहान मुलांना पुढे करतात, सिग्नलवर टोळ्या असतात. हा प्रश्न योग्य आहे. त्यासाठी कायदाही आहे. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी भीक मागणे हा गुन्हा ठरवला. त्याच्या व्याख्येत गाणे म्हणून किंवा भविष्य सांगून पैसे मागणेही येते. हा कायदा पुढे दिल्लीतही लागू झाला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातली बरीच कलमे रद्द केली. ज्याला जगण्याचे दुसरे साधन नाही त्याला केवळ मागितले म्हणून गुन्हेगार ठरवता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

मुलांना राबवणाऱ्या टोळीला पैसे देऊ नयेत, हे मलाही पटते. अनसूयेने अट मानली नव्हती, तसेच हे. पण पैसे न देणे वेगळे आणि माणसाला हिडीसफिडीस करणे वेगळे. 'पुढे जा' हेसुद्धा माणसाशी बोलल्यासारखे म्हणता येते. कायदा रस्त्यावरचे वागणे ठरवू शकतो. आपल्या आवाजातला सूर तो ठरवू शकत नाही. तिथे नीतीचेच राज्य.

आणि मागणारे काय फक्त रस्त्यावर असतात? घरकामाची बाई मुलीच्या फीसाठी उचल मागते. पार्सल घेऊन तीन जिने चढून आलेला पोरगा पाणी मागतो. इमारतीचा रखवालदार दिवाळीची आठवण करून देतो. त्यांना आपण काय देतो त्याआधी कसे देतो? पाणी वेगळ्या पेल्यात देतो का? उरलेले अन्न आंबायला लागल्यावर देतो की ताजे असताना? मदत दिल्यावर त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवतो का? आणि आपल्या महाप्रसादात देणगीदारांची पंगत वेगळी बसत असेल, तर भास्कर ब्राह्मणाला आपण कुठे बसवले असते, याचाही विचार व्हावा. हा प्रश्न मी कोणा एकाला उद्देशून विचारत नाही, आपल्या सर्वांना विचारतो.

आपल्याच घरातली माधुकरी

आता जे लिहितो आहे ते खास माझ्या वयाच्या वाचकांसाठी. आपण जन्मभर देणारे होतो. पगार घरात आणला, मुलांच्या फिया भरल्या, लग्ने केली. उतारवयात एक दिवस असा येतो, की औषधासाठी, चष्म्यासाठी, बँकेत सोबत यायला कोणाला तरी म्हणावे लागते. देणारा मागणारा होतो. त्याची तयारी आपण कधी केलेलीच नसते.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचा चष्मा फुटला. घर त्यांनीच बांधलेले, मुलगा चांगला, सून चांगली. पण 'चष्मा करायचाय' हे तोंडातून निघेना. दोन महिने त्यांनी पेपर वाचला नाही, रोजची पोथी बंद ठेवली. डोळे दुखतात म्हणून सांगितले. घुसमट वाढली आणि मग एकदा भलत्याच कारणावरून मुलावर भडकले, 'मी तुमच्यासाठी काय काय केलं' याचा पाढा वाचला. मुलाला कळेना की झाले काय. नातीने फुटका चष्मा उशीखालून काढून दाखवला तेव्हा उलगडा झाला. मुलगा शहाणा. तो काही बोलला नाही. चष्मा तर केलाच, आणि पुढच्या महिन्यापासून पहिल्या तारखेला एक पाकीट देव्हाऱ्यात ठेवू लागला. वडील सकाळी पूजेला बसले की ते त्यांना तिथे मिळते. कोणी मागितले नाही, कोणी हातात दिले नाही. देवापुढून उचलायचे. पुढे वडिलांनीही एक केले. काही लागले की सरळ सांगू लागले, 'अरे, अमुक आणायचंय, सवडीनं आण.' गाऱ्हाणे नाही आणि टोमणाही नाही.

आई-वडिलांच्या पालनपोषणासाठी २००७ सालचा कायदा आहे. मुले पाहत नसतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. ज्यांच्यावर तशी वेळ आली आहे त्यांनी संकोच न करता त्याचा आधार घ्यावा. हक्काचे मागणे ही लाचारी नव्हे. पण कायद्याने फार तर पाकीट मिळेल. ते देव्हाऱ्यात ठेवायचे की अंगावर फेकायचे, हे घरातले संस्कार ठरवतात.

म्हणून माधुकरीचे जुने नियम मी आजच्या घरासाठी असे वाचतो.

मागणाऱ्याने गरजेपुरते मागावे, स्पष्ट मागावे, आणि सगळा भार एकाच मुलावर किंवा एकाच सुनेवर टाकू नये. भुंगा एकाच फुलावर बसून राहत नाही. पूर्वी दिलेल्याचा हिशेब काढून मागू नये. तो वसुलीचा सूर होतो. मिळाल्यावर समाधान दाखवावे. आणि हातून होईल तेवढे काही ना काही करावे. भाजी निवडणे असेल, नातवाचा अभ्यास असेल. गाडगेबाबांचा खराटा घरातही चालतो.

देणाऱ्याने मागायची वेळ येण्याआधी द्यावे. ताटकळत ठेवू नये. चारचौघांत बोलून दाखवू नये. मागणारा चिडून बोलला तर शब्दांपेक्षा त्यामागची अडचण पाहावी. आणि जमेल तिथे घेवड्याचा वेल तोडावा, म्हणजे त्याला पुन्हा पुन्हा मागावे लागणार नाही अशी काही सोय करावी. बाईला उचल देताना तिचे बँकेत खाते उघडून देणे, वडिलांना स्वतः पैसे काढता येतील अशी व्यवस्था करणे, हेही त्यातच आले.

मंडळी, मोठमोठ्या उपदेशांनी समाजात नीती टिकत नाही. ती अशा उंबरठ्यांवर टिकते, जिथे एक माणूस काही मागतो आणि दुसरा काही देतो. त्या क्षणी दोघेही ताठ मानेने उभे असतील तर घर चांगले, गल्ली चांगली, गाव चांगले. दोघांपैकी एकाची मान खाली गेली, तर कितीही मोठे अन्नदान झाले तरी काहीतरी राहून गेले असे समजावे.

यंदाच्या सप्ताहात पारायण करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पोथी वाचताना जिथे जिथे भिक्षेचा प्रसंग येईल तिथे क्षणभर थांबा. मागणारा कोण, देणारा कोण, नियम कोणता आणि त्यातून जपले काय, एवढे चार प्रश्न स्वतःला विचारा. आणि पौर्णिमेच्या महाप्रसादात वाढायला उभे राहाल तेव्हा पंक्तीतल्या शेवटच्या पानापर्यंत त्याच हाताने आणि त्याच चेहऱ्याने वाढा. महाराज कोणत्या पानावर बसले आहेत, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥